सोप्या जपानी गाण्यांचं बेस-पुस्तक: तारे कशाचे दिलेत ते आधी बघा

पुस्तक चांगलं आहे हे आधीच सांगते, कारण पुढचा बराचसा मजकूर तक्रारीचा आहे. नवशिक्या बेस गिटारवाल्यांसाठी जपानी पॉप आणि रॉक गाण्यांचं हे टॅब-पुस्तक (टॅब म्हणजे कोणत्या तारेवर बोट कुठे ठेवायचं ते सांगणारे आकडे) मी ओचानोमिझूहून आणलं. तोक्योत राहणाऱ्यांना तो वाद्यांच्या दुकानांचा रस्ता माहीत असेलच. निशी-कासाईहून तोझाई लाइनने ओतेमाचीला उतरायचं आणि चियोदा लाइन पकडायची, पुढचंच स्टेशन. किंमत दोन हजार येनच्या वर, त्यामुळे दुकानात उभं राहून अनुक्रमणिका नीट वाचली. प्रत्येक गाण्यापुढे एक ते पाच तारे. एक तारा म्हणजे सगळ्यांत सोपं. त्या ताऱ्यांवर विसंबून पैसे मोजले, आणि माझं भांडणही त्या ताऱ्यांशीच आहे.

द ब्लू हार्ट्सचं ‘लिंडा लिंडा’ घ्या. १९८७ सालचं गाणं, आणि जपानमध्ये नवा बँड जमला की पहिल्या दोन-तीन गाण्यांत ते असतंच. या पुस्तकात त्याला एक तारा. टॅब बघितला तर एका ओळीत तोच आकडा आठ वेळा, मग दुसरा आकडा आठ वेळा. डाव्या हाताला खरंच काही काम नाही. पण सुरुवातीचा संथ भाग संपून बँड आत शिरला की वेग मिनिटाला २०० ठोक्यांच्या घरात जातो. एका ठोक्यात दोन आघात, म्हणजे मिनिटाला साधारण ४०० वेळा उजवा हात चालवायचा आणि शेवटपर्यंत थांबायचं नाही. ऑफिसमधल्या आमच्या बँडने वर्षअखेरच्या पार्टीसाठी हेच गाणं निवडलं. तालमीत दुसऱ्या कडव्यापर्यंत माझा कोपरापासून मनगटापर्यंतचा स्नायू दगडासारखा घट्ट झाला आणि बोटांत पिक (तार छेडायची चकती) धरवेना. पुढचे कितीतरी दिवस डबा उघडतानाही हात दुखायचा.

एक तारा! हे तारे ज्याने दिले त्याने डाव्या हाताच्या हालचाली मोजल्या आणि काम संपवलं. बेस वाजवणाऱ्याचा निम्म्याहून जास्त जीव उजव्या हातात असतो, हे नवशिक्यांसाठी पुस्तक काढणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. वेग छापलेला आहे, पण आत, त्या त्या गाण्याच्या पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. अनुक्रमणिकेत ताऱ्यांशेजारी तेवढा एक आकडा टाकायला किती शाई लागली असती? मी प्रकाशकाला हे सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं, अतिशय नम्र: आपला अभिप्राय मोलाचा आहे, पुढील कामात विचारात घेऊ. तारे कोणत्या आधारावर दिले या माझ्या सरळ प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तोच नम्रपणा.

शेवटी पेन्सिल घेऊन बसले आणि प्रत्येक गाण्याचा वेग अनुक्रमणिकेत स्वतः लिहून काढला. हे पुस्तक घेतलंत तर पहिलं काम हेच करा. वेगाप्रमाणे लावल्यावर गाण्यांचा क्रम पार बदलतो, आणि तो नवा क्रम शिकायला कितीतरी जास्त योग्य आहे. स्पिट्झचं ‘चेरी’ वर येतं, आइम्योनचं ‘मॅरीगोल्ड’ वर येतं. ‘लिंडा लिंडा’ आणि मोंगोल ८०० चं ‘चीसाना कोइ नो उता’ खाली जातात, जिथे ती असायला हवीत.

आता उजव्या हाताबद्दल, कारण या पुस्तकात त्यावर जेमतेम अर्धं पान आहे. जपानी रॉकमध्ये सरळ आठ आघातांची, पिकने वाजवलेली बेस सगळीकडे भेटते, आणि तिथे बोवी या बँडच्या मात्सुई त्सुनेमात्सुंचं नाव हटकून निघतं. आठही आघात वरून खाली, एकही उलटा नाही. खाली-वर वाजवलं तर हाताला निम्मे कष्ट पडतात, पण प्रत्येक दुसरा आघात किंचित हलका पडतो. सगळे खाली मारले की आवाज एकसारखा, भिंतीसारखा उभा राहतो. बोवी १९८८ मध्ये तोक्यो डोमच्या दोन कार्यक्रमांनंतर थांबला, तरी इथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या सहकाऱ्यांसमोर मात्सुईंचं नाव काढलं की त्यांचा हात आपोआप खाली-खाली हलायला लागतो. मी त्यांच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती फक्त मनगटासाठी बघितल्या. हालचाल अगदी छोटी असते. पिक तार ओलांडून बोटभरही पुढे जात नाही, आणि खांदा जवळजवळ स्थिर. हे शब्दांत कळत नाही, बघावंच लागतं.

पिकही बदललं. इथे ओनिगिरी म्हणून मोठं त्रिकोणी पिक मिळतं, ते घ्या. पकड मोठी असल्यामुळे घामेजलेल्या बोटांतून निसटत नाही, आणि तिन्ही कोपरे सारखेच असल्याने एक झिजला की फिरवून दुसरा वापरता येतो. साध्या पिकच्या भावात तिप्पट आयुष्य. बेसच्या जाड तारांवर पिकची कड किती पटकन खरवडली जाते ते बघितल्यावर ही बचत लहान वाटत नाही.

सरावाला मूळ गाणं यूट्यूबवर ०.७५ वेगाने लावते. पट्टी बदलत नाही, फक्त लय उतरते. त्या लयीत हात सैल राहिला तरच पुढे जायचं. या पद्धतीने ‘चीसाना कोइ नो उता’ बसलं. २००१ च्या ‘मेसेज’ अल्बममधलं हे गाणं. ओकिनावाच्या या, तेव्हा तिघांच्या असलेल्या बँडमध्ये बेस वाजवणारे उएझु कियोसाकुच गातात, त्यामुळे बेसची ओळ गाता-गाता वाजवता येईल इतकी सरळ आहे. आधी मी त्यालाही ‘फसवं एक तारा’ म्हणत होते. आता म्हणेन की हळू वाजवायची शिस्त असेल तर याच्याइतकं चांगलं पहिलं वेगवान गाणं नाही. तारा तोच राहू द्या, शेजारी वेग लिहा, इतकंच.

एका बाबतीत मात्र माझं मत पार उलटलं. मला वाटत होतं की वेग कमी म्हणजे आराम, आणि संथ गाण्यांना या लोकांनी दोन-तीन तारे उगाच दिलेत. ‘मॅरीगोल्ड’ महिनाभर घासल्यावर ते तारे पटले, उलट कमीच वाटले. संथ गाण्यात सूर कधी सुरू करायचा याइतकंच तो कधी थांबवायचा याला महत्त्व असतं. डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण न उचलता फक्त दाब काढायचा, म्हणजे सूर स्वच्छ तुटतो. बोट पूर्ण उचललं तर मोकळी तार घुमत राहते आणि ड्रमच्या पुढच्या ठोक्यावर चिखल होतो. वेगवान गाण्यात हे झाकलं जातं. संथ गाण्यात पहिल्याच ओळीत उघडं पडतं. टॅबमधला आकडा बोट कुठे ठेवायचं तेवढंच सांगतो, सूर किती लांब धरायचा ते वरच्या स्वरलिपीत लिहिलेलं असतं. म्हणून फक्त आकडे वाचू नका.

घरी हे कळणारही नाही. इमारतीच्या भिंती पातळ, त्यामुळे मी हेडफोनवरच वाजवते, आणि हेडफोनमध्ये सगळं नीटनेटकं वाटतं. खरा कस स्टुडिओत लागतो. इथे एकट्याच्या सरावासाठी बऱ्याच स्टुडिओंत वेगळा स्वस्त दर असतो. बँडने आधीपासून अडवलेली नसलेली खोली, आदल्या दिवसापासून नोंदवायची. माणसाएवढा अँप (बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकर) मिळतो आणि तासाचा खर्च एका जेवणाएवढा. त्या अँपवर न थोपवलेली प्रत्येक तार ऐकू येते. पुस्तकाबरोबर मनात हा खर्चही धरा.

आता पुस्तकाने न सांगितलेली, पण आपल्याला उपयोगी गोष्ट. ज्यांनी घरात पेटी ऐकली आहे त्यांनी कॉर्डची नावं पाठ करू नयेत, मूळ स्वर सरगमीत लिहावेत. ‘चेरी’ची पट्टी पांढरी एक. कडव्यात बेसचे मूळ स्वर सा प ध ग म सा म प असे उतरतात आणि साबीत, म्हणजे मुख्य धृपदात, ध ग म सा. जपानी पॉपमध्ये दुसरी एक चाल सतत भेटते, तिला ते राजमार्ग म्हणतात: म प ग ध. पांढरी एकमध्ये म चौथ्या, म्हणजे सगळ्यांत जाड तारेच्या पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरची आडवी पट्टी), प तिसऱ्या फ्रेटवर, ग म्हणजे मोकळी चौथी तार आणि ध म्हणजे मोकळी तिसरी तार. एवढं हातात बसलं की अनोळखी गाणं लावूनही साबीत आपण बरोबर जागी पोचतो. मला वाटतं या एका गोष्टीने मला पुस्तकातल्या सगळ्या सूचनांपेक्षा जास्त पुढे नेलं. ‘चेरी’त तामुरा आकिहिरो मूळ स्वरांमधून जे फिरतात ते पहिल्या वेळी सोडून द्या. आधी मूळ स्वर लांबीसकट बरोबर वाजू देत.

पुस्तकाची बांधणी वाईट आहे, सपाट उघडं राहत नाही. कोनबिनीत (इथल्या छोट्या किराणा-दुकानात) पानं ए३ वर मोठी करून छापली, काळं-पांढरं पान दहा येन. एका गाण्याला पन्नासच्या आत काम होतं आणि मुंगीएवढा वेगही वाचता येतो. गाणी सोपी करून कापलेली नाहीत, मूळ ओळी आहेत, हे मात्र खरंच मोलाचं. एकेक गाण्याची सुटी पत्रकं घेतली असती तर चार गाण्यांतच या पुस्तकाची किंमत पार झाली असती.

‘नारुतो’ ही अ‍ॅनिमे मालिका बघून बेसकडे वळणाऱ्यांसाठी: एशियन कुंग-फू जनरेशनचं ‘हारुका कानाता’ बेसनेच सुरू होतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. ते मोंगोल ८०० नंतर घ्या. उजवा हात तयार नसेल तर सुरुवात जमेल आणि गाणं सुटेल.

विकत घ्यावं का? जपानमध्ये असाल तर आधी जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधा. असली पुस्तकं लोक दोन-तीन गाणी वाजवून विकून टाकतात, आणि निम्म्या किमतीत पेन्सिलीच्या खुणा आल्या तरी चालतील. नवं घेत असाल तर दुकानात ताऱ्यांऐवजी प्रत्येक गाण्याचा पहिल्या पानावरचा वेग बघून ठरवा. शंभरच्या आसपासची निदान सहा-सात गाणी असली तर घ्या. मी सध्या बोवीचं ‘मारिओनेट’ सगळं वरून खाली वाजवतेय, मूळ वेगाच्या तीन-चतुर्थांशावर, आणि पार्टीसाठी ‘लिंडा लिंडा’च ठरलेलं आहे.