एबीसीच्या पुढे अडलेली आई

व्हिएतनामी-अमेरिकी कवी ओशन वुओंगच्या ‘नाइट स्काय विथ एग्झिट वून्ड्स’ या कवितासंग्रहात ‘द गिफ्ट’ नावाची कविता आहे. आधी तीच वाचावी. आई मुलाकडून इंग्रजी मुळाक्षरं शिकतेय. ए, बी, सी... इथे गाडी अडते, पुन्हा पहिल्यापासून. मुलाला मात्र चौथं अक्षर दिसतं: तिच्या गालावर आलेला सुटा काळा केस. ती नेल सलूनमध्ये काम करते, आणि तिथली रसायनं कवितेत नावानिशी येतात: आयसोप्रोपिल ॲसिटेट, एथिल ॲसिटेट. घामाबरोबर तिच्या टीशर्टातून त्यांचा दर्प येत राहतो. कष्टकरी आईवर उमाळे काढणाऱ्या कवितांना हे जमत नाही, कारण तिथे आई असते, काम नसतं.

वुओंगचा जन्म १९८८चा, व्हिएतनाममधला. १९९०मध्ये कुटुंब निर्वासित म्हणून अमेरिकेत, हार्टफर्डला आलं. २०१६चा हा त्याचा पहिला पूर्ण संग्रह. पुढच्याच वर्षी त्याला टी. एस. एलियट हा कवितेचा पुरस्कार मिळाला. आजी शेतकरी घरातली, आजोबा व्हिएतनाम युद्धातले अमेरिकी सैनिक. म्हणजे बॉम्ब पडले नसते तर हे घराणंच नसतं. हा हिशेब कवी एका कवितेत गणितासारखा कोरडा मांडतो, म्हणून तो जास्त झोंबतो.

२९ एप्रिल १९७५ला, ते युद्ध संपताना, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावमधून माणसं हेलिकॉप्टरने हलवण्याचा इशारा म्हणून रेडिओवर नाताळचं गाणं लावलं होतं. त्यावरच्या कवितेत गाण्याच्या ओळी आणि कोसळणारं शहर एकमेकांत घुसतात, ओळी पानभर विखुरतात. दुसऱ्या एका कवितेत पान जवळजवळ कोरं असतं. वर नुसते तळटीपांचे आकडे, कविता सगळी खाली तळटीपांत. त्यामुळे फोनवर वाचू नका. अक्षर मोठं केलं की ओळी मोडतात, कोऱ्या जागेचा अर्थच जातो. छापील प्रतच घ्या.

तक्रार आहे ती प्रतिमांच्या गर्दीची. गोळी, हाड, तारे, जखम पुन्हा पुन्हा येतात. सलग वाचलं तर तिसऱ्या भागापर्यंत त्यांची धार बोथट होते. ग्रीक पुराणातली नावंही कधी कधी दागिन्यासारखी वाटतात. टेलेमॅकसची, म्हणजे ओडिसियसच्या मुलाची, कविता याला अपवाद. मुलगा बापाला केसांना धरून पाण्यातून ओढून काढतो, उताणा करतो. बापाचा तो चेहरा मुलाचा नाही, पण पुढे मुलालाच तो वागवायचा आहे.

एका बैठकीत चार-पाच कविता पुरे.