फोर-के नाही, तरी रोजचं काम ओढणारा कॅमेरा: सोनी एनएक्स १००

मी सांगलीत फ्रीलान्स कॅमेरामन आहे, स्वतःचा स्टुडिओ नाही. स्टुडिओवाले तारीख देतात, आपला कॅमेरा आपला ट्रायपॉड घेऊन जायचं, सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत उभं राहायचं आणि डाटा देऊन घरी यायचं. आज लग्न, उद्या पुढाऱ्याची सभा, परवा शाळेचं गॅदरिंग, मधेच कुस्तीचं मैदान. लग्नसराई जवळ आली की तासगाव, पलूस, विट्याकडची नवीन पोरं फोन करतात की दादा कॅमेरा कुठला घेऊ, आणि बहुतेकांच्या डोक्यात मिररलेस (लेन्स बदलता येणारा छोटा कॅमेरा) आणि एक पन्नास एमएमची लेन्स एवढंच असतं कारण रील तसल्या दिसतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ज्याला माझ्यासारखं रोजंदारीवर सगळ्या प्रकारचं काम करायचंय त्याच्यासाठी सोनीचा एचएक्सआर-एनएक्स १०० अजूनही एक नंबर आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी तो पोटापाण्यासाठी वापरतोय म्हणून बोलतोय.

कॅमेरा २०१५ सालचा आहे. एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), कायमची जोडलेली सोनीची जी लेन्स, १२ पट ऑप्टिकल झूम, म्हणजे फोटोवाल्यांच्या भाषेत २९ एमएम पासून ३४८ एमएम पर्यंत. फुल एचडी, ५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट डाटा. त्याच्या आधी आपल्याकडं सगळ्यांच्या खांद्यावर सोनीचाच एमसी २५०० असायचा, चांगला कॅमेरा होता, पार्टीला, म्हणजे लग्नघरच्यांना, मोठा कॅमेरा दिसायचा म्हणून मानही मिळायचा, पण त्याचा सेन्सर पाव इंची. एक इंची सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या दहा पटीच्या वर जातं. संध्याकाळी लॉनवर लाईट कमी झाला की हा फरक काय असतो ते कळतं, एकात काळ्या कोटावर दाणे नाचतात आणि दुसऱ्यात कोट काळाच दिसतो.

लेन्सवर फोकस, झूम आणि आयरिस (आत किती उजेड घ्यायचा ते ठरवणारं छिद्र) अशा तीन वेगळ्या रिंगा आहेत, आणि ही गोष्ट कागदावर साधी वाटते पण कामात फार मोठी आहे. लग्नात अक्षता साडेबाराला असेल तर साडेबाराला काय घडणार ते सगळ्यांना माहीत असतं, तरी अंतरपाट खाली येतो तेव्हा समोर मामा, करवल्या, मोबाईल वर धरलेले पंचवीस हात, आणि ऑटो फोकस बरोबर त्या हातांवर जाऊन बसतो. अशा वेळी फोकस मॅन्युअलला टाकून नवरीच्या चेहऱ्यावर धरलेला असला पाहिजे आणि डाव्या हाताच्या बोटांना कुठली रिंग कुठं आहे ते न बघता कळलं पाहिजे. इथं रिटेक नसतो, भटजींना परत शेवटचं मंगलाष्टक म्हणा असं सांगता येत नाही. आणि उलट बाजूला गावभागातल्या जुन्या घरात हळद असेल तर खोली एवढीशी, पाठ भिंतीला टेकलेली, तिथं २९ एमएम कामाला येतं, वेगळी लेन्स लावायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दोन कार्ड स्लॉट. एका कार्डावर भरलं की दुसऱ्यावर जातं असंही करता येतं आणि दोन्हीवर एकाच वेळी सेम रेकॉर्डिंगही करता येतं. मी कायम दुसरं करतो. फ्रीलान्स माणसाची खरी भीती कॅमेरा पडण्याची नसते, डाटा जाण्याची असते, कारण आपण रात्री कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊन येतो, तिथं पुढं कोण कॉपी करतं, कोण फॉरमॅट मारतं ते आपल्या हातात नाही, आणि क्लिप गायब झाली की पहिलं नाव कॅमेरामनचं येतं. पेमेंट अडकतं ते वेगळंच. माझ्यावर अशी वेळ आली होती, एका स्टुडिओवाल्याने सप्तपदी शूटच केली नाही असं पार्टीसमोर सांगितलं, माझ्याकडं दुसरं कार्ड तसंच होतं म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन दाखवली. तेव्हापासून अल्बम आणि व्हिडिओ पार्टीच्या हातात पडल्याशिवाय मी माझं कार्ड पुसत नाही. ५० एमबीपीएसला तासाला साधारण साडेबावीस जीबी डाटा होतो, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात अडीच तास धरून चाला. लग्नाच्या दिवसाला कार्डांचे दोन सेट लागतात, खर्च आहे, पण हा खर्च करा. आणि कार्ड चांगल्या दुकानातूनच बिलावर घ्या.

सलग रेकॉर्डिंग हा पुढचा मुद्दा. बऱ्याच जुन्या मिररलेसमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप बंद होतं, आणि काही मॉडेल एप्रिल मेच्या उन्हात गरम होऊन थांबतात. पुढाऱ्याचं भाषण तीस मिनिटांत संपत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. हा कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, वायरने पॉवर दिली की कार्ड भरेपर्यंत चालू.

नाटकाचं सांगतो, कारण सांगलीत राहून नाटक नीट शूट करता आलं नाही तर काय उपयोग. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ह्याच गावात मराठी नाटक उभं केलं आणि त्यांच्याच नावाच्या नाट्यमंदिरात आपण ट्रायपॉड लावतो. मागं काळा पडदा, पुढं एकट्या नटावर स्पॉट, कॅमेरा ऑटोवर असला की त्याला सगळा अंधार दिसतो आणि तो आयरिस उघडत जातो, नटाचा चेहरा पांढरा फटक. मी झेब्रा लावतो, म्हणजे जास्त उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दिसतात, चेहऱ्याच्या उजळ भागावर पट्टे यायला लागले की आयरिस जरा खाली घेऊन तिथंच सोडून देतो, मग लाईट बदलला तर हातानेच रिंग फिरवायची. तालमीला एकदा जाऊन बसा, कुठल्या प्रवेशाला ब्लॅकआऊट आहे ते वहीत लिहून घ्या, नटांना पण बरं वाटतं की कॅमेरावाला मन लावून करतोय. शटर ५० वर (सेकंदाचा पन्नासावा भाग) ठेवा, आपली विजेची लाईन ५० हर्ट्झची आहे, तेवढ्याने ट्यूबलाईट, हॅलोजनची फडफड जाते.

आवाजासाठी दोन एक्सएलआर (मोठ्या माईकच्या वायरीचे सॉकेट) आहेत आणि प्रत्येकाला लाईन (मिक्सरचा जोरकस सिग्नल), माईक, माईक अधिक ४८ व्होल्ट (कॅमेऱ्यातून माईकला पॉवर) असा स्विच. मिरजेत गाण्याच्या मैफिलीला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन घेतली आणि स्विच माईकवर राहिला तर तानपुरासुद्धा फाटका ऐकू येतो, आणि मिरजेचे श्रोते असला व्हिडिओ दोन मिनिटं पण सहन करत नाहीत. एका चॅनेलला मिक्सरची लाईन, दुसऱ्याला कॅमेऱ्यावरचा शॉटगन माईक, म्हणजे टाळ्या, वाहवा पण येते. हेडफोन कानाला पाहिजेच, मीटर बघून भागत नाही.

कुस्तीला झूमची खरी परीक्षा. कुंडलचं मैदान ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे माणूस किती असतो, कॅमेऱ्याला जागा लांब मिळते आणि ती पण धक्के खात. ३४८ एमएमला पैलवानाचा हात पटात कसा गेला ते स्वच्छ दिसतं. पण लेन्स वाईडला एफ २.८ आणि पूर्ण झूमला एफ ४.५ होते, म्हणजे झूमला उजेड कमी आत येतो, म्हणून मोठ्या कुस्त्या शेवटी लागतात तेव्हा उजेड उतरलेला असतो आणि गेन (चित्र उजळ करणारी सेटिंग, वाढवली की दाणे येतात) वाढवावा लागतो. १२ डीबीच्या पुढं मी जात नाही, त्यापेक्षा पुढं सरकायला जागा मागतो, आखाड्याजवळची माणसं प्रेमाने मागितलं की देतात. हलगी जवळ असेल तर एक चॅनेल मुद्दाम दहा डीबी खाली ठेवा, निकालाच्या वेळी जो कडकडाट होतो त्यात वरचा चॅनेल फाटला तरी खालचा वाचतो. दुपारच्या बैलगाडा शर्यतीला कडक ऊन कमी करणारा एनडी फिल्टर आतच आहे, एक चतुर्थांश, एक सोळांश, एक चौसष्टांश, बोटाने बदलायचं.

आणि धूळ, गुलाल, भंडारा. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की हवाच पिवळी होते, तासगावच्या रथाला गुलाल. तिथं लेन्स बदलायची म्हणजे सेन्सर उघडा टाकण्यासारखं. ह्याची लेन्स फिक्स आहे म्हणून सेन्सरची चिंता नाही, पुढं यूव्ही फिल्टर लावायचा, अंगाला पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं. घरी आल्यावर आधी ब्लोअर आणि कोरडा ब्रश, मगच कापड, कारण कोरडा भंडारा ओल्या कापडाने पुसला की रिंगेच्या फटीत चिखल होऊन बसतो आणि रिंग जड फिरायला लागते. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालूनच ठेवायचा, आपल्या नदीकाठच्या दमटपणात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

कमी काय आहे तेही सांगतो. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र, नाही. आता पुण्याच्या पार्ट्या आणि मोठे स्टुडिओ फोर-केच मागतात, ती कामं ह्याच्यावर मिळणार नाहीत, त्यांना सोनीचाच फोर-के वाला एनएक्स २०० वगैरे बघावा लागेल आणि मग १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबीचा हिशोब पण धरा. एसडीआय (लांबवर व्हिडिओ नेणाऱ्या केबलचं सॉकेट) नाही, फक्त एचडीएमआय, म्हणून एलईडी वॉलला किंवा लाईव्ह मिक्सरला लांबून फीड द्यायचं असेल तर कन्व्हर्टर सोबत ठेवा, लांब एचडीएमआय केबलवर विसंबून स्टेजचं काम घेऊ नका. मागचं सगळं धूसर आणि नवरी तेवढी शार्प असला कॅन्डिड लूक ह्यात वाईडला येत नाही, लांब जाऊन झूम केलं तर थोडा येतो. ज्याला फक्त सिनेमॅटिक आणि प्रीवेडिंग करायचंय त्याने हा घेऊच नये, सरळ सांगतो.

सेकंड हँड बघत असाल तर दुकानात उभ्या उभ्या घेऊ नका. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून अर्धा तास एकत्र रेकॉर्ड करा, झूमचं रॉकर एकदम हळू दाबून बघा की अडखळत जातंय का, एनडी तिन्ही फिरवा, दोन्ही एक्सएलआरला माईक लावून वायर हलवा, लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचं जाळं दिसतंय का बघा, स्क्रीन उघडून सगळीकडं फिरवा. बॅटरी एफ ९७० घ्या, आणि लग्नाला जाताना चार्ज केलेल्या तीन तरी पाहिजेत, मंडपवाल्याच्या बोर्डवर आपला चार्जर लावायला जागा मिळेलच असं धरून चालू नका. आणि बॅटरी दहा टक्क्यांवर आली की वरात संपायची वाट बघत बसू नका, बँडवाले गाणं बदलतात त्या मधल्या अर्ध्या मिनिटात बदलून टाका.