आई म्हणाली, कॅमेरा ठेव आणि पळ

आषाढात आमचा धंदा झोपलेला असतो. मुहूर्त नाहीत, मांडव नाहीत. संगीताच्या कार्यक्रमाला भाड्यानं देतो तो प्रोजेक्टर धूळ खात पडतो. मग स्टुडिओचं शटर अर्धं ओढायचं आणि पांढऱ्या भिंतीवर एखादा पिक्चर लावायचा. या वर्षी लावला 'क्लोव्हरफिल्ड'. २००८ चा अमेरिकन राक्षसपट, दिग्दर्शक मॅट रीव्ह्ज. अख्खा पिक्चर एका पात्राच्या हातातल्या कॅमेऱ्यातून दिसतो. प्रेक्षक चार : मी, हेल्पर, कॉलेजातला भाचा आणि 'पाऊस थांबेपर्यंत बसते' म्हणून आलेली आई.

मी सांगलीत लग्नाचं शूटिंग करतो, कॅसेटच्या जमान्यापासून. त्यामुळे सापडलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रण म्हणून जे सिनेमे येतात, ते मी एकाच प्रश्नावर तोलतो : समोर मरण उभं असताना हा माणूस कॅमेरा खाली का ठेवत नाही? याचं उत्तर पटलं तर राक्षस कसाही असो, मला चालतो.

सुरुवातीची वीसेक मिनिटं नुसती पार्टी आहे. रॉब नावाचा तरुण नोकरीसाठी जपानला निघालाय, म्हणून न्यूयॉर्कमध्ये मित्रांनी जमवलेली निरोपाची पार्टी. हा भाग कंटाळवाणा आहे असं पुष्कळ लोक म्हणतात. भाचाही तेवढा वेळ मोबाइलमध्ये होता. मला मात्र तोच फार आवडला, कारण ते माझंच काम आहे. शूटिंगची जबाबदारी असते रॉबच्या भावाची. तो कॅमेरा हड नावाच्या मित्राच्या गळ्यात मारतो आणि सांगतो, सगळ्यांकडून दोन दोन शब्द घे. हड बिचारा 'रॉबसाठी काहीतरी बोला ना' म्हणत घरभर फिरतो आणि त्याचा कॅमेरा घसरून घसरून एकाच मुलीवर जातो. असा एक पोरगा माझ्याकडेही होता. अख्खा हळदीचा कार्यक्रम आणि फुटेजमध्ये नवरीची मैत्रीण नवरीपेक्षा जास्त. एडिटिंगला बसल्यावर कळलं.

मग हादरा बसतो, दिवे जातात, लोक खाली रस्त्यावर येतात आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं मुंडकं गडगडत येऊन पडतं. इथे भाच्यानं मोबाइल खाली ठेवला. गंमत म्हणजे त्याच क्षणी पडद्यावरची माणसं मोबाइल बाहेर काढतात! मुंडक्याभोवती गोळा होऊन फोटो. पहिला आयफोन येऊन जेमतेम वर्षही झालं नव्हतं तेव्हाचा हा पिक्चर. हेल्पर म्हणाला, 'हे काय खरं वाटत नाही, माणसं पळतील की.' मी त्याला २०१९ च्या ऑगस्टची आठवण करून दिली. कृष्णेचं पाणी चढत होतं आणि आयर्विन पुलाकडे आपण काय करायला गेलो होतो? मी तर मोठा कॅमेरा घेऊन गेलो होतो. दीड तासाचं फुटेज आहे माझ्याकडे. घरातलं खालचं कपाट मात्र हलवायचं राहिलं, ते भिजलं.

आई तेवढ्यात म्हणाली, 'त्या पोराला म्हणावं, तो कॅमेरा ठेव आणि पळ.' पुढच्या तासाभरात हे वाक्य ती निदान पाच वेळा म्हणाली, प्रत्येक वेळी आवाज थोडा चढवून. हडचं स्वतःचं कारण एवढंच, की नंतर लोकांना काय झालं ते कळायला हवं. मला ते पुरेसं वाटलं. खरं सांगायचं तर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघताना भीती कमी वाटते. समोरचं सगळं दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय असं वाटतं. एकदा वादळानं भरला मांडव कोसळला, तेव्हा मी शूट करत उभा होतो. नवरीच्या मामानं दंडाला धरून ओढलं म्हणून हे लिहायला शिल्लक आहे.

आता धंद्यातल्या तक्रारी. बॅटरी रात्रभर कशी टिकली, असं हसतात लोक. ते हसणं चुकीचं. शेवटची नामावली सोडली तर चित्रण सव्वा तासाच्या आसपास आहे. मधेमधे कॅमेरा बंद होतो. मोठी बॅटरी तेवढं सहज ओढते. माझी खरी तक्रार वेगळीच. सुरुवातीला सरकारी कागदासारखी पाटी येते, त्यात हे चित्रण एसडी कार्डवर सापडल्याचं लिहिलंय. पण अख्खी गोष्ट उभी आहे ती जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन रेकॉर्डिंग झाल्यावर : रॉब आणि त्याची लाडकी बेथ यांनी महिन्याभरापूर्वी घालवलेला एक सुंदर दिवस, आणि त्याच्यावर चढलेली ही भयानक रात्र. मधल्या फटींतून तो जुना दिवस डोकावत राहतो. अहो, हे कॅसेटवर होतं! आमच्या एका गिऱ्हाइकाच्या साखरपुड्याच्या शेवटी आधीच्या बारशाचे चाळीस सेकंद असेच निघाले होते. कार्डावर प्रत्येक क्लिपची वेगळी फाइल बनते, तिथे असं डोकावणं नाही. पात्रंसुद्धा तोंडानं टेपच म्हणतात. पाटी लिहिणाऱ्यानं घोळ घातला.

आवाजही खटकला. इतक्या गर्जनांत कॅमेऱ्याचा माइक फाटायला हवा. वरातीतला डीजे कॅमेऱ्याच्या माइकवर रेकॉर्ड करून बघा म्हणजे कळेल. पण सिनेमाभर पार्श्वसंगीत नाही, हे झकास. संगीतकार मायकेल जियाकिनोचा तुकडा वाजतो तो थेट नामावलीवर, जुन्या जपानी राक्षसपटांना मुजरा केल्यासारखा.

प्रेक्षकांचं म्हणाल तर हेल्परला अर्ध्या तासात मळमळायला लागलं. तो बाहेर जाऊन सोडा पिऊन आला. अमेरिकेतही काही थिएटरांनी तिकीट खिडकीपाशी सूचना लावल्या होत्या, की हा पिक्चर बघून गरगरू शकतं. डोळे सांगतात आपण धावतोय, कानातला तोल सांगतो आपण खुर्चीत आहोत. या भांडणात पोट बिघडतं. नवख्या पोरानं गिंबलशिवाय (कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्याशिवाय) काढलेली वरात बघताना गिऱ्हाइकाचं हेच होतं. उपाय सोपा : लांब बसा, खोलीत थोडा उजेड ठेवा, पोट फार भरू नका. भिंतीपेक्षा टीव्हीवर त्रास कमी होतो.

पण नुसती गरगर नाही, लोक फसल्यासारखेही झाले असणार. २००७ च्या जुलैत याची पहिली झलक आली तेव्हा नावसुद्धा नव्हतं, फक्त तारीख. एवढं कुतूहल वाढवून ठेवल्यावर पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४ कोटी डॉलरचा गल्ला जमला आणि पुढच्याच आठवड्यात तो दोन तृतीयांशांहून जास्त घसरला. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत 'सी' श्रेणी दिली. तरी खर्च अडीच कोटी आणि जगभरातून आले सतरा कोटींच्या घरात. निर्मात्याची लग्नं झोकात झाली असतील. भाच्याचीही तीच कुरकुर, 'राक्षस धड दाखवतच नाहीत.' मला उलट वाटलं, शेवटाकडे जरा जास्तच दाखवलाय. इमारतींच्या फटीतून दिसणारा पाय पुरेसा होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. सेंट्रल पार्कमध्ये हड मरतो तेव्हा कॅमेरा गवतात पडतो. चालूच असतो. आणि त्याचा ऑटोफोकस ठरवू शकत नाही, जवळचं गवत धरू की मागचा हडचा चेहरा. गवत स्पष्ट, चेहरा धूसर; चेहरा स्पष्ट, गवत धूसर. हे असं होतं तेव्हा आम्ही कॅमेऱ्याला शिव्या घालतो. इथे मी गप्प बसलो. हातात धरणाराच नाही तर कॅमेरा बिचारा काय करणार. आईसुद्धा त्या वेळी काही बोलली नाही.

राक्षस पोटभर बघायचा असेल तर याच जातीचा २०१० चा नॉर्वेजियन 'ट्रोल हंटर' लावा. त्यात सरकारी पगारावरचा एक वैतागलेला शिकारी आहे, राक्षस उन्हानं दगड होतात, आणि विजेच्या उच्चदाबाच्या तारा म्हणजे त्यांना अडवायचं कुंपण असतं. मधेच कॅमेरामन मरतो आणि दुसरी मुलगी कामावर येते. सिझनमध्ये आम्ही करतो तसंच.

शेवटचा तुकडा कोनी आयलंडचा, त्या जुन्या दिवसातला. आकाशपाळण्यात बसलेले रॉब आणि बेथ, मागे समुद्र. लांब पाण्यात काहीतरी पडतं. हेल्परला ते दिसलं, आम्हाला नाही. तीनदा मागे नेऊन बघितलं. भाचा म्हणाला, लेन्सवरचा डाग आहे. मी उठून प्रोजेक्टरची लेन्स पुसली आणि चौथ्यांदा लावलं.