सहा शायांचा टँक प्रिंटर: रंगीतला तोड नाही, काळ्या-पांढऱ्याने मात्र जीव खाल्ला

"हेड गेलंय, बदलावं लागेल." हेड म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग; सर्व्हिसवाल्याने प्रिंटरचं झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला. वर जो आकडा सांगितला, त्यात थोडी भर घातली तर नवीन प्रिंटर येतो. व्हिजिट चार्ज घेतला तो वेगळाच. त्या तिरमिरीतच हे लिहितोय.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती उगाळत नाही. रंगीत फोटोंबद्दल तक्रार नाही. लग्न, बारसं, पासपोर्ट, काहीही छापा. लॅबची आठवण येत नाही आणि बाटलीतली शाई संपता संपत नाही. माझं भांडण काळ्या-पांढऱ्याशी, त्यातही आकाशाशी.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या वेळी नंदीध्वजांची (उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक टिपली होती. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मागे सिद्धेश्वर तलाव, वर जानेवारीचं निरभ्र आकाश. स्क्रीनवर ते आकाश खाली येता येता अलगद उजळतं. कागदावर मात्र तलावाच्या घाटासारख्या करड्या पायऱ्या! शिवाय त्यावर बारीक पांढुरक्या रेघा. सर्व्हिसवाल्याच्या लेखी दोन्ही एकच: "साहेब, पॉवर क्लिनिंग मारा." ते मारलं की हेड धुवायला भरपूर शाई सोडली जाते आणि ती सरळ वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत जाते. शाई माझी, सल्ला त्याचा.

शेवटी तोच फोटो ९० अंशांत फिरवून छापला. पायऱ्या फोटोबरोबर फिरल्या, म्हणजे त्या फाइलमधल्या. रेघा मात्र हेड धावतं त्याच दिशेने राहिल्या, म्हणजे त्या प्रिंटरच्या. एका कागदात वाद मिटला. हेड बदलायला निघालेल्या प्रत्येकाने आधी एवढं करून बघावं.

पायऱ्यांचं कारण असं. जेपीईजीत एका चॅनेलला (लाल, हिरवा, निळा यांपैकी एका रंगाला) ८ बिट, म्हणजे करड्या छटा फार तर २५६. आकाशाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. एडिटिंगमध्ये कर्व्ह (उजेड-अंधार बदलायची रेषा) ओढून आकाश गडद, नाट्यमय वगैरे केलं की त्या छटांमध्ये फटी पडतात. रंगीत फोटोत तिन्ही चॅनेल वेगवेगळ्या जागी पायरी बदलतात, म्हणून डोळ्याला कळत नाही. काळ्या-पांढऱ्यात तो आडोसा उरत नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, १२ किंवा १४ बिटची असते. ती उघडून सगळं काम १६ बिटमध्येच केलं आणि शेवटी आकाशावर किंचित ग्रेन (बारीक दाणे) टाकला. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर कचकच दिसते, कागदावर दिसत नाही आणि पायऱ्या मोडतात. ज्यांच्याकडे मोबाईलचे जेपीईजीच आहेत, त्यांनी कर्व्हला हात कमी लावावा आणि ग्रेनवर भिस्त ठेवावी.

रेघांचा इलाज फुकटातला निघाला. ड्रायव्हरमधलं (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सेटिंगमधलं) 'हाय स्पीड' बंद करा. ते चालू असताना हेड जाताना आणि येताना, दोन्हीकडे छापतं. बंद केलं की एकाच दिशेने. वेळ चांगलाच वाढतो, वाढू दे. कागदाचा प्रकार खरा तोच निवडा आणि हेड अलाइनमेंट, म्हणजे हेडची जुळणी, करून घ्या. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये प्रिंटर पडून राहू देऊ नका. पारा चाळिशीपार गेला की माझ्याकडे नोझल चेकमध्ये (शाईची छिद्रं तपासायच्या छापील नमुन्यात) तुटक रेघा येतात. तेव्हा साधं क्लिनिंग पुरतं. आता अधूनमधून एक रंगीत पान छापतो, तेही पाठकोऱ्या कागदावर.

उन्हाळ्यात लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते. आता चार. पाचवा नाही, कारण हा प्रिंटर रंगीत शायांतून करडा रंग बनवतो. अंगणात फोटो छान दिसतो, ट्यूबलाइटखाली बाराबंदी हिरवट. ड्रायव्हरमधलं ग्रेस्केल लावलं तर हिरवा जातो, पण उजळ भागात काळे ठिपके उठतात. करड्या शाया असलेलं मॉडेल घ्या म्हणे. नवी पेठेत किंमत विचारून आलो. तूर्तास फोटो खिडकीशेजारच्या भिंतीवर लावलाय.