स्वेडचे रेट्रो बूट: पुमा स्वेड, गॅझेल, सांबा, कॅम्पस की ५७४?

सांगलीत स्वेडचे बूट घ्यायचे म्हटलं की घरातून पहिला सवाल येतो, "आणि पावसात?" सवाल रास्त आहे, पण तो चार महिन्यांपुरता. जूनच्या पावसापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हे बूट कपाटात राहणार, हे आधीच धरून चाला. उरलेले आठ महिने त्यांची खरी गाठ पडते ती रस्त्यावरच्या धुळीशी, मोटारसायकलच्या गिअरशी आणि दिवसातून सहा वेळा दारात काढण्या-घालण्याशी. बूट कोणता घ्यायचा ते या तीन गोष्टींवरून आणि आपल्या पायाच्या रुंदीवरून ठरवावं. पट्टे तीन हवेत की एक, हा विचार त्यानंतरचा.

स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू, घासून तिच्यावर बारीक लव आणलेली. वरचा गुळगुळीत थर नसल्यानं ते मऊ आणि हवेशीर असतं, आणि त्याच कारणानं पाणी नि तेल चटकन पितं. कोरडी धूळ मात्र लवेतच अडकते, आत मुरत नाही; ब्रश मारला की निघते. म्हणून विश्रामबागेतून मारुती रोडपर्यंत रोज जाणाऱ्याला पांढऱ्या लेदरच्या बुटापेक्षा तपकिरी किंवा ऑलिव्ह स्वेड जास्त दिवस नीटनेटका दिसतो.

पुमा स्वेड आणि गॅझेल

बहुतेकांची खरी निवड या दोघांतच होते. पुमा आणि आदिदास या दोन्ही कंपन्या जर्मनीतल्या हेर्झोगेनआउराख या एकाच गावच्या, दोन सख्ख्या डासलर भावांनी वेगळं होऊन काढलेल्या. आदिदासचा गॅझेल १९६६चा, पुमा स्वेड १९६८चा. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर जिंकलेला टॉमी स्मिथ काळे मोजे घालून पदक घ्यायला चढला, तेव्हा पोडियमवर त्याच्या पायाशी पुमा स्वेड होता. १९७३ मध्ये बास्केटबॉलपटू वॉल्ट फ्रेझियरसाठी याच घाटाचा ‘क्लाइड’ निघाला. हा बास्केटबॉलचा वारसा बुटात आजही जाणवतो: पुमाचा रबरी तळ जाड, रुंद आणि पेल्यासारखा आहे, वरचा भाग त्यात बसवून कडेनं शिवलेला असतो. गॅझेल सरावाचा बूट म्हणून जन्मला. तो बुटका, निमुळता आणि पायाला बिलगणारा आहे.

रोजच्या वापरात फरक पहिला जाणवतो तो चवड्यात. पुमाला पुढे जागा जास्त. गॅझेल अरुंद आहे, आणि लहानपणापासून चपलेत वाढलेला आपला चवडा बहुतेकदा पसरट असतो. करंगळीच्या मुळाशी दाब येत असेल तर ‘स्वेड आहे, सैल होईल’ या आशेवर गॅझेल घेऊ नका. स्वेड थोडं ताणतं, पण बोटांवरची टी आकाराची पट्टी हा दुहेरी थर आहे आणि खालचं रबर तर अजिबातच हलत नाही.

फरक दुसरा, गिअरचा. ज्या गाडीला पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर आहेत, तिच्यावर डाव्या बुटाचा वरचा भाग रोज शे-दीडशे वेळा लिव्हरवर घासतो. दोन-तीन महिन्यांत तिथली लव बसते, जागा काळी आणि चकचकीत होते. ब्रशनं ती पूर्ण परत येत नाही. गॅझेलवर हा मार बराचसा टी-पट्टीवर पडतो, खालचा मुख्य स्वेड वाचतो. पुमाचा पुढचा भाग एकाच थराचा, त्यामुळे डाग थेट दिसतो. स्प्लेंडरसारख्या गाडीला गिअर दाबूनच पडतात, तिथं ही अडचण नाही. स्कूटरवर तर प्रश्नच नाही. गिअरवाली गाडी असेल तर लिव्हरचं झिजलेलं रबर बदलून घ्या. उघड्या लोखंडाचा काळा वंगणाचा डाग स्वेडवरून कधीच धड जात नाही.

उभं राहण्याचं काम असेल तर दोन्ही बूट फार दयाळू नाहीत. तळ सपाट आहे, टाचेखाली गादी थोडी. त्यातल्या त्यात पुमाचं जाड रबर सिमेंटच्या फरशीवर बरं, पण ते जडही आहे, आणि नव्यात टाचेच्या वरच्या काठानं सालटं निघू शकतं. पहिले चार-पाच दिवस घोट्यापर्यंतचे जाड मोजे घालून रोज तासभरच वापरा.

चवडा रुंद असेल किंवा गिअरची गाडी नसेल तर पुमा. पाय निमुळता, बांधा बारीक, पँट सरळ घेराची असेल तर गॅझेल. सेल नसताना पुमा साधारण ७ ते ८ हजारांत, बाकीचे बरेचसे १० हजारांच्या आगेमागे असतात. हा फरक काही लहान नाही. जिथं शंका असेल तिथं आमचं माप पुमाच्या पारड्यात जातं.

बाकीचे तीन

आदिदासच्याच सांबाला लोक स्वेडचा बूट म्हणतात, पण नेहमीच्या सांब्यात स्वेड फक्त पुढच्या टी-पट्टीवर असतं, बाकी गुळगुळीत लेदर. गारठलेल्या, कडक मैदानावर फुटबॉल खेळता यावं म्हणून तो बनला. ज्याला स्वेडचं रूप हवं पण पुसून मोकळं व्हायचंय, त्याला हा सोयीचा. बोटांजवळ तो गॅझेलइतकाच आवळ आहे आणि तळ आणखी पातळ. खडीच्या रस्त्यावर खडे टोचतात. सांब्याच्या काही प्रकारांत जीभ लांब असते आणि आखूड पँटखाली ती वर डोकावते, हेही घालून पाहा.

आदिदासच्याच कॅम्पसचा हल्लीचा ‘००एस’ घाट रुंद, फुगीर, जाड नाडीचा. पसरट चवड्याला तो उत्तम बसतो, किंबहुना अनेकांना अर्धा नंबर कमी लागतो. पण तो मागतोही तसेच कपडे. बारीक मोरीच्या जीन्सखाली पाय होडीसारखे दिसतात.

न्यू बॅलन्स ५७४ हा १९८८चा, मुळात पळण्याच्या बुटांच्या घराण्यातला. टाचेखाली फोम आणि भोवती पॉलियुरेथेनची कड असल्यानं दिवसभर उभं राहणाऱ्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला हाच सर्वांत सुखाचा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. यात स्वेडबरोबर जाळीचं कापड असतं, आणि जाळीत शिरलेली बारीक माती ब्रशनं निघत नाही; फिक्या रंगाची जाळी महिन्याभरात मळकट होते. दुसरं, पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानं काही वर्षांत आतून कुजतं. ‘लग्नकार्याला घालू’ म्हणून खोक्यात जपलेला जोड एक दिवस चालता चालता टाचेतून भुगा होतो. पुमा, गॅझेलच्या रबरी तळाला हा रोग नाही. ५७४ घेतलात तर वापरा, साठवू नका.

माप

बुटाच्या जिभेवरचा यूके नंबर सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. आदिदासचा आणि न्यू बॅलन्सचा यूके ८ म्हणजे २६.५ सेंमी, पुमाचा यूके ८ म्हणजे २७ सेंमी. त्यामुळे एका कंपनीचा नंबर डोक्यात ठेवून दुसरीचा ऑनलाइन मागवला की अर्ध्या नंबरची चूक ठरलेलीच. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा. सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी दोन्ही पायांची घ्या. मोठा पाय धरा. लांबीत साधारण १ सेंमी मोकळं हवं. यूके ८च्या पायाचा चवडा १० सेंमीच्या आसपास असेल तर गॅझेल चालेल, साडेदहाकडे झुकत असेल तर पुमा किंवा कॅम्पस. दुकानात रोजचे मोजे घालून जा, आणि दोन्ही पायांत घालून दहा मिनिटं चाला. कार्पेटवर नको, फरशीवर.

नंबर बरोबर असला तरी काढघालीनं बूट मरतो. पाहुण्यांच्या दारात, देवळाबाहेर, दवाखान्यात नाडी न सोडता टाच दाबून पाय घुसवला की मागची ताठ वाटी मोडते, आणि ती मोडली की पुन्हा उभी राहत नाही. वरच्या दोन भोकांची नाडी सैल ठेवा आणि गाडीच्या डिकीत प्लास्टिकचा शूहॉर्न (टाच आत सरकवायची पट्टी) टाका. एवढं जमणार नसेल तर नाडीचा बूटच घेऊ नये.

रंग आणि कपडे

सांगलीची माती काळी, साताऱ्याकडे कास-यवतेश्वरला लाल. काळी माती ओली असताना चिकटते, पण सुकली की आकसून खपल्यांनी सुटते. जांभ्याच्या लाल मातीतला लोहाचा अंश मात्र फिक्या स्वेडवर तांबूस छटा सोडतो. म्हणून पहिला जोड घेताना क्रीम, फिकट गुलाबी, आकाशी टाळा. काळाही टाळा, त्यावर धूळ सर्वांत जास्त दिसते आणि उन्हानं तो करडा पडतो. मळखाऊ रंग म्हणजे तपकिरी, ऑलिव्ह, मातकट करडा, गडद निळा. गडद जोड घेतलात तर पांढऱ्या ओल्या फडक्यानं आतून पुसून पाहा. रंग लागला तर पहिले दहा दिवस पांढरे मोजे नकोत.

जीन्सचाही रंग जातो. न धुतलेल्या गडद निळ्या डेनिमची मोरी बुटाच्या कडेवर घासून निळी रेघ उठते. अशी पँट दोनदा धुऊन मगच घाला, किंवा एक घडी दुमडा. मोरी सपाट धरून मोजा: १८ ते २० सेंमी असेल तर गॅझेल आणि पुमा दोन्हींवर ती नीट पडते. १६ सेंमीखाली फक्त गॅझेल किंवा सांबा. २२च्या वर गेलात की गॅझेल कापडाखाली गडप होतो, तिथं कॅम्पस किंवा जाड नाडीचा पुमा. लांबी अशी हवी की पँट बुटावर एकदाच मोडेल. घोट्यावर तीन वळ्या पडल्या की सगळा घाट झाकतो.

तपकिरी बुटावर पांढरा किंवा फिकट निळा शर्ट आणि खाकी पँट हा शनिवारच्या ऑफिसला बिनधास्त चालणारा मेळ आहे. गडद निळ्या बुटावर करडी पँट. ऑलिव्हवर निळी जीन्स आणि साधा पांढरा टी-शर्ट. खादीचा आखूड कुर्ता, गुडघ्याच्या वर संपणारा, सरळ जीन्सवर असेल तर गॅझेल छान दिसतो. लांब कुर्त्याखाली जाड पुमा बोजड वाटतो. मुलींसाठी सुती स्ट्रेट पँट आणि कुर्तीखाली गॅझेलचा निमुळता घाट खरोखर सुंदर बसतो, पँट घोट्याच्या दोन बोटं वर संपली तर आणखीच. अंगावर आधीच दोन गडद रंग असतील तर तिसरा रंग बुटाचा नको. आणि स्वेडची लव मॅट असते, म्हणून चकाकणाऱ्या पॉलिएस्टर ट्रॅकपँटवर ती मळलेली वाटते; सुती कापडावरच ती खुलते.

डाग आणि पाणी

नवा जोड घरी आल्या दिवशी, घालण्याआधी, स्वेडचा पाणीरोधक स्प्रे मारा. गच्चीवर, २० सेंमी अंतरावरून, दोन पातळ थर, मध्ये अर्धा तास, मग २४ तास हात लावायचा नाही. आधी टाचेच्या आतल्या बाजूला थोडा मारून रंग बदलत नाही ना पाहा. एकदम भिजेल इतका मारला तर लव चिकटून काडीसारखी होते, ही सर्वांत नेहमीची चूक. रोज वापर असेल तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा.

मे महिन्यातला वळीव सांगून येत नाही. भिजले तर आतला सोल आणि नाड्या काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन तासांनी बदला, पंख्याखाली सावलीत सुकवा. ऊन, हेअर ड्रायर, इस्त्रीची गरम हवा यांनी कातडं आखडतं आणि कडक होतं. पूर्ण सुकल्यावरच ब्रश, आधी एका दिशेनं, मग उलट. अर्धवट ओल्यात घासलं की चिखल आत जातो.

मिसळीच्या कटाचा थेंब पडला तर चोळू नका. टिपकागदानं शोषून घ्या, वर कॉर्नफ्लॉवरचा जाड थर रात्रभर ठेवा, सकाळी झटका. लागलं तर दुसऱ्यांदा. हळद असेल तर साबण बिलकुल लावायचा नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू याच गुणानं बनतं, आणि बुटावर ते कायम राहतं. कोरडी हळद ब्रशनं उडवा, उरलेला पिवळेपणा दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटं कोवळ्या उन्हात धरला की उतरत जातो. जास्त वेळ नको, स्वेडचाही रंग उडतो.

तळाचंही पाहा. गुळगुळीत झालेला रबरी सोल ओल्या शहाबादी फरशीवर सरकतो. नक्षी पुसली की तो जोड कोरड्यातच वापरा. कडेची शिलाई उसवली तर बूट दुरुस्त करणाऱ्याकडून वेळेत साईड शिलाई मारून घ्या. पुमा, गॅझेलला ती चांगली बसते. ५७४ चिकटवलेला असतो, त्याला शिलाईचा आधार मिळत नाही.

खरं की नक्कल, आणि कातडं नको असेल तर

बोटानं रेघ ओढली आणि छटा बदलली म्हणजे खरं स्वेड, हे अर्धसत्य आहे. चांगल्या मायक्रोफायबरवरही रेघ उमटते. नाडीच्या भोकाजवळची कापलेली कड पाहा: कातड्याचे तंतू विस्कळीत दिसतात, सिंथेटिकला बऱ्याचदा खाली कापडाचा थर दिसतो. जिभेच्या लेबलवरचा आर्टिकल नंबर दोन्ही बुटांवर आणि खोक्यावर एकच हवा. ‘फर्स्ट कॉपी’त अनेकदा इथंच घोळ सापडतो.

सांगली-मिरज भागात कातडं न वापरणारी जैन कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मायक्रोफायबर स्वेड हा कमीपणाचा पर्याय नाही. ते हलकं, पाण्यानं कमी बिघडणारं, लवकर सुकणारं. उणीव अशी की त्यात पाय जास्त घामेजतो, आणि वाकणाऱ्या रेषेवर वर्षभरात लव उडून खालचं कापड दिसू लागतं. लेबलवर बऱ्याचदा नुसतं ‘स्वेड’ असतं, कातडं कोणत्या जनावराचं ते लिहिलेलं नसतं. ते कळणं ज्याला महत्त्वाचं आहे त्यानं ‘सिंथेटिक अप्पर’ असं स्पष्ट छापलेलाच जोड घ्यावा.

पावसाळ्यात कुठलाही जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आठवड्यात बुरशी येते. ब्रश मारून, आत कोरडे कागद आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, झाकण किलकिलं ठेवलेल्या खोक्यात, जमिनीपासून वर ठेवा. दर दहा-पंधरा दिवसांनी उघडीप मिळाली की तासभर हवेवर काढा. पांढरी बुरशी दिसलीच तर घराबाहेर कोरड्या ब्रशनं झाडा आणि कागद बदला.