यूट्यूब किड्स: मारामारी खरंच गाळली जाते का?

मुलांना हाणामारीच्या दृश्यांपासून लांब ठेवायचं म्हणून पालक यूट्यूबचं हे मुलांसाठीचं ॲप टाकतात आणि निर्धास्त होतात. ॲप चांगलं आहे. पण नुसता वयोगट निवडून सोडून दिलं तर काम अर्धवटच होतं.

रक्त, शिव्या, भीतिदायक चेहरे हे चाळणीत बऱ्यापैकी अडकतं. मुलं उचलतात ती मारामारी मात्र वेगळी असते: मारणारा लाडका नायक, मार खाणारा लगेच उठून उभा, वर हशा आणि शेवटी मारणाऱ्याचंच कौतुक. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ च्या प्रयोगात मुलांना बाहुली बडवणाऱ्या माणसाची फिल्म दाखवली. त्याला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पुढे बक्षीस देऊ केल्यावर मात्र त्यांनीही तेच फटके करून दाखवले. म्हणजे शिकून झालेलंच होतं! म्हणून ‘शेवटी वाईटाला शिक्षा होते ना’ एवढ्यावर कार्टून पास करू नये.

आता सेटिंग. कोपऱ्यातलं कुलूप दाबलं की गुणाकार विचारला जातो. पाढे येणारं मूल तो सहज सोडवतं, त्यामुळे आधी स्वतःचा पासकोड घाला. मग मुलाच्या प्रोफाइलमध्ये चार वर्षांपर्यंत, ५ ते ८, ९ ते १२ असे तीन वयोगट दिसतील. त्याशिवाय फक्त पालकांनी मंजूर केलेलं दाखवण्याचा पर्याय असतो. शाळेत न जाणाऱ्या आणि पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी आमची शिफारस याच पर्यायाची, कारण त्यात शोधही बंद होतो. निवड करायला वेळ जातो, पण तो द्यायलाच हवा. ओळखीची कार्टून पात्रं वापरून केलेले हिंसक व्हिडिओ या ॲपमध्ये शिरल्याचं २०१७ मध्ये उघड झालं होतं. चित्र ओळखीचं दिसलं म्हणून मंजुरी देऊ नका. अख्खं चॅनेल मंजूर करण्यापेक्षा एकेक व्हिडिओ घ्या आणि तो आवाजासकट शेवटपर्यंत बघा. फटका बसल्यावर दुखतं का, कोणाला वाईट वाटतं का, की नुसतं हसू येतं? नुसतं हसूच असेल तर वगळा. नको असलेलं काही आलंच तर तीन टिंबांवर जाऊन व्हिडिओ किंवा चॅनेल ब्लॉक करता येतं.

टायमर उपयोगी, पण तो गोष्ट संपायची वाट बघत नाही. ऐन मध्यात पडदा बंद झाला की मूल आदळआपट करतं आणि दोष कार्टूनमधल्या मारामारीला जातो. अकरा मिनिटांचे दोन भाग असतील तर २५ मिनिटं लावा. झोपण्याआधीच्या तासात हाणामारीचं काहीच नको. झोप बिघडू शकते आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड होऊ शकते.

लुटुपुटूची तलवारबाजी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. समोरचं मूल रडत असतानाही मारणं थांबत नसेल, तेच वाक्य म्हणत तोच फटका पुन्हापुन्हा मारला जात असेल, तर मंजूर यादी उघडून तो व्हिडिओ काढा आणि मुलाशी त्याबद्दल बोला.

नऊच्या पुढच्या मुलांसाठी मात्र ॲप तोकडं पडतं. त्यांना मोठ्यांचंच बघायचं असतं. घरातल्या टीव्हीवर मोठ्यांचं खातं बिनकुलपाचं असेल, किंवा मूल खोलीत असताना मारधाडीचा सिनेमा चालू असेल, तर हे सगळं सेटिंग वाया जातं.