मेथिलफेनिडेट की अ‍ॅटोमोक्सेटिन? एडीएचडीच्या मुलासाठी ठरवताना

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा. मूल सहा वर्षांखालचं असेल तर आधी पालकांचं वर्तन-प्रशिक्षण. औषधाचा प्रश्न सहसा त्यापुढचा. सहाच्या पुढे घरी आणि शाळेत दोन्हीकडे त्रास होत असेल, तर बहुधा या दोनपैकी एक औषध सुचवलं जातं. ‘कमी पॉवरचं कुठलं?’ असं पालक विचारतात. आमच्या मते आधी दोन गोष्टी बघाव्यात : मुलाची अडचण दिवसाच्या कुठल्या वेळी असते आणि गोळी रोज कोण देणार.

मेथिलफेनिडेट अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करतं. साधी गोळी तीन-चार तास टिकते, सावकाश विरघळणारी प्रकारानुसार आठ ते बारा तास. डॉक्टर बहुधा 5 मिग्रॅपासून सुरुवात करून आठवड्याला 5 ते 10 मिग्रॅ वाढवतात. दिवसाला 60 च्या वर सहसा जात नाहीत. घोळ होतो तो वेळेचा. दुपारच्या शाळेतल्या मुलाला सकाळी आठला साधी गोळी दिली, तर शाळा भरेपर्यंत असर संपलेला असतो. मग ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणून डोस वाढतो. खरं तर वेळ बदलायला हवी होती. संध्याकाळी औषध उतरताना मूल तासभर जास्तच चिडचिडं होऊ शकतं. त्या तासात अभ्यासाला बसवू नका. उशिरा दिलेली गोळी झोप उडवते, म्हणून सकाळची राहिली तर दुपारनंतर ती भरून काढायची नाही.

भूक मरते. डबा तसाच परत येतो. म्हणून गोळी पोटभर न्याहारीनंतर, आणि रात्री भूक परतली की नीट जेवण, झोपण्याआधी दूध-केळं. सावकाश विरघळणारी गोळी चुरून पाण्यात कालवू नका : दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

अ‍ॅटोमोक्सेटिनचा असर चोवीस तास राहतो. सकाळी आवरताना आणि रात्री झोपवतानाही गोंधळ असलेल्या मुलाला ते जास्त उपयोगी. मात्र फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि दुसऱ्याच आठवड्यात पालक ते बंद करतात. डोस वजनावर ठरतो : 0.5 मिग्रॅ प्रतिकिलोने सुरुवात, निदान तीन दिवसांनी वाढवत साधारण 1.2 पर्यंत. म्हणजे 20 किलोच्या मुलाला आधी 10 ची, पुढे 25 ची कॅप्सूल. मळमळ होत असेल तर जेवणावर द्या. पेंग येत असेल तर डॉक्टरांना विचारून संध्याकाळी. कॅप्सूल फोडू नका, भुकटी डोळ्यात गेली तर चुरचुरतं. कॅप्सूल गिळताच न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत निवड इथेच अडते. फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरचं औषध) चालू असेल तर आधी सांगा, त्याने अ‍ॅटोमोक्सेटिनची रक्तातली मात्रा वाढते.

अ‍ॅटोमोक्सेटिनच्या पहिल्या काही आठवड्यांत मूल एकदम गप्प झालं, मरणाचं बोलू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा; टेलि-मानस या सरकारी मानसिक-आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही जवळ ठेवा. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर यकृताची तपासणी लगेच.

मिळण्यातही फरक आहे. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं : चिठ्ठी दोन प्रतींत लागते, दुकानाला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे तालुक्याच्या गावी ते सहज मिळत नाही. तीन दिवसांच्या गोळ्या उरल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा दहा दिवस आधी निघा. अ‍ॅटोमोक्सेटिनला साधी चिठ्ठी चालते.

आमचा कौल : हृदयाचा त्रास नसेल आणि पुरवठा पक्का असेल, तर आधी मेथिलफेनिडेट, लागू पडतं की नाही ते लवकर कळतं. टिक्स (डोळे मिचकावण्यासारखे नकळत होणारे झटके) किंवा फार चिंता असेल, घरात कुणी व्यसनी असून गोळ्या गायब होण्याची भीती असेल, तर अ‍ॅटोमोक्सेटिन. घरातल्या कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल किंवा मूल खेळताना चक्कर येऊन पडलं असेल, तर ते दोन्ही औषधांआधी सांगा.

कुठलंही घेतलं तरी उंची, वजन, नाडी, रक्तदाब सुरुवातीलाच लिहून ठेवा. नाडी-रक्तदाब प्रत्येक डोस बदलल्यावर, दहा वर्षांपर्यंत वजन दर तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी. आणि गोळी मोठ्या माणसानेच हातात द्यावी, पाणी पाजून जीभ वर करायला सांगून बघावं. गालात धरून ठेवलेली गोळी नंतर दप्तरात सापडते.